फळ्या आणि बैल

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोक काय वाटेल ते विचारतात. मुलीचे नाव काय ठेवावे, मानपत्राचा मायना कसा असावा, लग्नपत्रिकेत ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे, हे सारे मी आजवर बिनतक्रार सांगत आलो आहे. पण बर्फावरून घसरायच्या फळ्या कोणत्या घ्याव्यात, हा सल्ला माझ्याकडे कुणी मागेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. तोही चैत्रातल्या भर दुपारी, नांदेडच्या उन्हाने हैराण होऊन मी बनियनवर कूलरसमोर बसलो असताना!

विचारणारा माझा भाचा. लातूरच्या अक्काचा एकुलता एक. इंजिनियर होऊन नोकरीसाठी स्वित्झर्लंडात गेला आणि तीन हिवाळ्यांत बर्फावर घसरायला शिकला. आता मित्रांबरोबर आल्प्सच्या एका उभ्या उतारावर जायचे ठरवले होते. तिथे वर न्यायला पाळणा नाही, आखलेली वाट नाही. आपल्याच पायांनी चढायचे आणि घसरत उतरायचे.

त्याच्या आधी अक्काचा फोन येऊन गेला होता. "तुझं ऐकतो तो. फळ्याच घेऊ नको म्हणावं त्याला!" एवढे बोलून तिचा आवाज ओला झाला.

भाच्याने मोबाईलवर दोन जोड्या दाखवल्या. "मामा, ही रुंद, पायाखाली ११० मिलिमीटर. ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते. ही ९० ची. तुम्ही कोणती घ्याल?"

मी मास्तर. उत्तर येत नसले की व्युत्पत्ती सांगतो! 'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ चिरलेले लाकूड. आपल्या 'छेद'मधल्या 'छिद्' धातूचा तो दूरचा भाऊबंद. पोरगा हसला. मग मी त्यालाच विद्यार्थी न समजता गुरू केले आणि विचारत गेलो.

चढताना फळीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे, आता मोहेर किंवा नायलॉनचा. केस एकाच दिशेने बसलेले असल्यामुळे फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते. उतरताना ती फळीला जखडायची. फळी हलकी असली तर चढण सोपी जाते. पण फार हलकी फळी कडक बर्फावर थरथरते. आणि वसंतातला बर्फ रात्री गोठून फरशीसारखा कडक होतो. सकाळच्या उन्हाने वरचा थर जरासा सैल पडला की उतरायचे. उशीर केला तर ओला बर्फ खाली कोसळू लागतो. ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाला सर्वांत सोयीचे. आणि यांना जायचे होते नेमके तशाच उतारावर.

ऐकता ऐकता मला माळेगावची जत्रा आठवली. लहानपणी खंडोबाच्या त्या जत्रेत आजोबांचे बोट धरून मी बैलबाजार हिंडलो होतो. एकीकडे आटोपशीर बांध्याची तांबडी लाल कंधारी, दुसरीकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची थोराड देवणी. मला अर्थातच देवणी आवडली. आजोबा मात्र बैलाला चालवून, मग एकाएकी थांबवून बघत. म्हणाले, "वढणारे बैल लई भेटतेत. थांबणारा बघून घ्यावा."

मी भाच्याला विचारले, "सगळ्यांत वाईट जागा कोणती? जिथं पाय चुकला तर संपलं, अशी?"

"वरचा कडक उतार," तो हळूच म्हणाला.

"मग त्या जागेसाठी घे. चांगल्या जागी काय, कशावरही निभावतं."

त्याने अरुंद जोडी घेतली. फार हलकी नाही, फार लांब नाही, आणि काठ धारदार. मी एक अट घातली. रात्री बर्फ गोठला नाही, तर सकाळी माघारी फिरायचे. तो 'हो' म्हणाला. अक्काला मात्र मी 'नको म्हणालो नाही' हे सांगितले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती परत डोळा लागलाच नाही. वर्गात त्या दिवशी एकच ओवी मी दोनदा शिकवली म्हणे. दुपारी फोन आला.

"मामा, रात्रभर ढग होते. बर्फ गोठलाच नाही. अर्ध्या वाटेतून परतलो." आवाज पडलेला होता. वर्षभर पैसे साठवून घेतलेल्या फळ्या न घसरताच परत आल्या होत्या. "मित्र चिडले. पण मी ऐकलं नाही."

अक्काने त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. मी काही बोललो नाही. पण आजोबा असते, तर त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली असती. बैल पारखताना मारीत तश्शी!