कार्ड आहे हो, पण...

परवा चारकोप मार्केटात आमच्या सोसायटीतला एक मुलगा भेटला. वय २४, बाईकवरून पार्सलं पोचवतो. दोन महिने मुतखडा घेऊन फिरतोय! "काका, कार्ड आहे हो, पण जवळच्या हॉस्पिटलात म्हणाले, ही योजना आम्ही घेत नाही."

कार्ड महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. २०१२ साली योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा दीड लाख होती. मर्यादा वाढली की जाहिरात होते. पण हॉस्पिटल बघतं ते वेगळाच आकडा: एका ऑपरेशनमागे सरकार किती देणार? खाट, तपासण्या, औषधं, जेवण, सगळं त्या ठरलेल्या रकमेत. ज्या खाजगी हॉस्पिटलला ती परवडत नाही, ते योजनेत येतच नाही.

म्हातारं माणूस असतं तर घरच्यांनी लांब का होईना, नेलं असतं. तरुण गोळी घेऊन कामावर जातो. (आम्हीही त्या वयात हेच केलं म्हणा.) दर वाढवले तर नको ती ऑपरेशनंही वाढतील, ही भीती खोटी नाही. तरी मी दर वाढवण्याच्याच बाजूचा. उद्या किडनी गेली तर डायलिसिसचा खर्चही याच योजनेवर येणार ना!

महापालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपर काढ म्हटलं. तर विचारतो, "रविवारी ओपीडी असते का?"