पुलाचे जुने रिपोर्ट कुठे आहेत?

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एल्बे नदीवरील कॅरोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा भाग कोसळला. काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती. सुदैवाने कुणीही दगावले नाही. पूल १९७१ मधला होता आणि त्याच्या तपासण्याही होत असत. मग आधी कळले कसे नाही?

आम्हा डॉक्टरांना हा प्रश्न ओळखीचा आहे. आजार सुरू होणे आणि लक्षणे दिसणे यांत वर्षे जातात. काँक्रीटचेही तसेच असते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबाराच्या वर असतो. त्यामुळे आतल्या सळ्यांवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, सामू ९ च्या आसपास उतरतो आणि सळ्या गंजू लागतात. किनाऱ्यावर खारे पाणी आणि खारी हवा हेच काम आणखी लवकर करतात. पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल दोन दशकेही पुरी न करता ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यामागेही आतल्या पोलादाचा गंजच होता.

सामू कुठवर उतरला, हे पाहायला काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनोल्फ्थॅलीन शिंपडतात. (एके काळी आम्ही हेच औषध जुलाबासाठी देत असू!) निरोगी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो. ही बाधा साधारणपणे काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात आत सरकते. म्हणजे १६ वर्षांत १० मिलिमीटर आत गेली, तर २० मिलिमीटरला ६४ वर्षे लागतात. सळईवर ४० ऐवजी २० मिलिमीटरच काँक्रीट ठेवले, तर गंज सुरू होण्याचा काळ निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येतो. बांधकामातली ही चोरी रंगाखाली झाकली जाते आणि तिची किंमत पुढची पिढी मोजते.

पण हे गणित मांडायला आकडे लागतात, तेही एकदाच घेतलेले नव्हेत. मधुमेहाचा रुग्ण एकच रिपोर्ट घेऊन आला, तर मी आधी जुने कागद मागतो. आपल्याकडे पुलाचे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ बहुधा तडे गेल्यावर किंवा दुसरीकडे अपघात झाल्यावर आठवते. पूल खुला होताना सळईवरचे आवरण किती होते, दहा वर्षांनी बाधा किती आत गेली होती, हे फाइलमध्ये नसेल तर अभियंता तरी भाकीत कशावर करणार?

ड्रेस्डेनची अडचण आणखी निराळी होती. तिथे ताणलेल्या पोलादी तारांना बांधकामाच्या वेळच्या ओलाव्यामुळेच आतून सूक्ष्म चिरा पडू लागल्या होत्या. पृष्ठभागावर फारसे काही दिसत नव्हते. उरलेल्या भागावर मग तार तुटल्याचा आवाज टिपणारे संवेदक बसवण्यात आले.