आधी एसएमपीएस, मग शायनिंग!

हॉस्टेलवर कुणाचा नवा कॉम्प्युटर असेंबल झाला की पहिला प्रश्न ठरलेला, "ग्राफिक्स कार्ड कुठलं?" दुसरा, "प्रोसेसर कुठला?" तिसरा प्रश्न नसतोच, डायरेक्ट गेम इन्स्टॉल होतो! एसएमपीएस कुठला, हवा कुठून आत येते, हे विचारणारा महाभाग मला अजून भेटायचाय. मांडवावर लाखभर उडवून आचाऱ्याशी घासाघीस करावी, तसाच हा प्रकार.

माझं मत स्पष्ट आहे. बजेटचा साधारण पाचवा हिस्सा एसएमपीएस, कूलिंग आणि कॅबिनेट या तिघांसाठी आधी बाजूला काढावा. उरलेल्या पैशात कार्ड-प्रोसेसर बघावं. कार्ड दोन-तीन वर्षांत जुनं होतं. ही मंडळी नीट निवडली तर पुढच्या मशीनलाही चालतात.

एसएमपीएस घेताना खोक्यावरचा आकडा वाचू नका, लेबलवरची 12 व्होल्टची ओळ वाचा. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही प्रामुख्याने तिथेच जेवतात. समजा खोक्यावर ठळक '450' छापलंय आणि 12 व्होल्टसमोर 16 अँपिअर. करा गुणाकार : 192 वॅट! बेसिक इलेक्ट्रिकलला केटी लागलेल्यालाही हे जमेल. 'कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट' असेल तिथे हा गुणाकार आधी करा.

आता गरज किती? रायझन 5 5600 साठी 88 वॅट धरा, आरटीएक्स 3060 कार्ड 170, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धरा. झाले 320 च्या आसपास. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं, म्हणून चांगला 550 वॅटचा घ्यावा. हजार वॅटची हौस कशाला? '80 प्लस' हा 2004 साली सुरू झालेला शिक्का कार्यक्षमता सांगतो. 320 वॅट देताना 80 टक्केवाला भिंतीतून 400 वॅट ओढतो, 90 टक्केवाला साधारण 356. मधले 44 वॅट म्हणजे निव्वळ उष्णता. पण शिक्का म्हणजे सगळं नव्हे. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का, किती वर्षांची वॉरंटी आहे, हेही विचारा.

कूलिंगचं गणित तर आपल्याकडे वेगळंच. पंखा असो वा पाणी, कुठलाही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो उष्णता फक्त इकडून तिकडे नेतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते. 22 अंशांच्या खोलीत घेतलेल्या रीडिंगमध्ये सरळ 18 मिळवा आणि मग ठरवा. बहुतेक प्रोसेसर 95-100 अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे पैसे मोजले मोठ्या प्रोसेसरचे, काम मिळालं छोट्याचं! हॉस्टेलसाठी 120 मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर उत्तम. त्याला पंप नाही, गळती नाही, बिघडला तर पंखा बदलला की झालं.

कॅबिनेट म्हणजे शोकेस नव्हे. पुढे काच आणि आत रंगीबेरंगी दिवे, पण हवा कुठून येणार? पुढे जाळी, तिच्यामागे सुटणारा डस्ट फिल्टर, दोन पंखे आत आणि एक मागून बाहेर, एवढं बघा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ कमी शिरते. कार्डची लांबी आणि कूलरची उंची मिमीमध्ये जुळवूनच घ्या. शिवाय सुट्टीत रूम रिकामी करताना हे धूड एसटीच्या डिकीतून गावी जातं, हे विसरू नका. काचेचं दार तेव्हा परवडत नाही. जड कार्ड तर काढून वेगळंच न्यावं.

शेवटचा मुद्दा स्टाफसाठीही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे कित्येकांना नॉर्मल वाटतं. ते नॉर्मल नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर बॉडी 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी किरकोळ, म्हणून आपण हसून सोडून देतो. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं, तर वाचवायला ती तिसरी पिनच असते. एक्स्टेंशनला दोन पिनांचा जुगाड करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि रेक्टर सरांना नम्र विनंती, या सुट्टीत प्रत्येक रूममधल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं. इलेक्ट्रिकलची पोरं मीटर घेऊन सोबत यायला तयार आहेत.

घरचे पोटाला चिमटा काढून कॉम्प्युटरचे पैसे पाठवतात. प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री मशीनने मान टाकली, तर दिवे कितीही रंगीत असले तरी त्यांच्या उजेडात व्हायवा होत नाही!