कासीम रझवी आणि त्याचे धनी

शेतकरी व कारागीर बंधूंनो, दरसाल १७ सप्टेंबर उजाडला, की मराठवाड्याच्या व्यासपीठांवर कासीम रझवीस नव्याने सुळावर चढविले जाते. चढवा बापडे! त्याची कीव करण्यासाठी आम्ही लेखणी हाती धरलेली नाही. परंतु भाषणे संपली म्हणजे एक कोडे उरते. हा लातुरात वकिली करणारा माणूस. वकिलीच्या मिळकतीवर फौज उभी राहत नसते. मग गावोगाव फिरणाऱ्या रझाकारांना भाकर कोणी घातली, बंदूक कोणी दिली, वाड्यात पथारी कोणी पसरली? याचे उत्तर व्यासपीठावरून कधी येत नाही. पुढच्या रांगेतल्या लोडांवर बसलेल्या काहींस ते रुचणार नाही, हे त्याचे कारण!

निजामाच्या राज्यात शंभर बिघे जमीन धरली, तर साठ सरकारच्या खालशात, सुमारे दहा निजामाच्या खासगी सरफेखासात आणि तीस जहागीरदारांच्या घशात. कसणारा कुणबी हिंदू असो वा मुसलमान, वेठ सारखीच. ही चोरी झाकावयाची तर पोट रिकामे असलेल्यास काहीतरी मोठे नाव देणे भाग होते. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था १९२७ साली निघाली. तिचे पुढारी बहादूर यार जंग यांनी ‘अनल मलिक’ हा मंत्र दिला. म्हणजे मुसलमान हाच या राज्याचा राजा, निजाम केवळ त्याच्या सत्तेची खूण. टांगेवाला राजा, पिंजारी राजा, विणकर राजा! राजाच्या घरी संध्याकाळचे पीठ आहे की नाही, हे विचारावयास मात्र कोणी गेले नाही. भूदेवाच्या पायांचे तीर्थ पिऊन तरलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना ही युक्ती ओळखीची वाटली असती.

बहादूर यार जंग १९४४ साली वारले. १९४६ साली रझवी मजलिसचा मुख्य झाला आणि मंत्राला काठी-भाला जोडला गेला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या वल्गना त्याच्या नावे वर्तमानपत्रांत झळकल्या. इकडे बीदर जिल्ह्यात गोरटा गावी मे १९४८ मध्ये कत्तल झाली. ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबउल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत. ऑगस्टमध्ये रात्री रस्त्यात गाठून त्यांना ठार केले, हात तोडला. शोएबउल्ला मुसलमानच होते. ‘रझवी म्हणजे मुसलमान’ असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव पाठ करावे.

आता दुसरे समीकरण. तेलंगणात विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी हिंदू. पालकुर्तीच्या परीट जातीच्या ऐलम्माच्या शेतातले पीक ओढून नेण्यास त्याचीच माणसे धावली. कडवेंडी गावी जुलै १९४६ मध्ये दोड्डी कोमरय्या ज्या गोळीला बळी पडला, तीही देशमुखाच्या माणसांचीच. पुढे शेतकरी उठला तेव्हा अशा हिंदू देशमुखांच्या गढ्यांत रझाकारांचे तळ पडले. तेथे कोणाचा धर्म बाटला नाही!

आम्ही मास्तर लोक पोरांना वजाबाकी शिकवितो. तर हिशेब मांडू. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौज शिरली, पाच दिवसांत खेळ आटोपला. २३ सप्टेंबरला निजामाने रेडिओवर सांगितले, की रझवीच्या टोळीने हिटलरच्या रीतीने आम्हांस हतबल केले होते. केवढी ही गरीब गाय! तिला वर्षाला ५० लाखांचा तनखा, सरफेखासच्या बदल्यात आणखी २५ लाख आणि १९५० ते १९५६ राजप्रमुखाची गादी. जहागिऱ्या १९४९ साली गेल्या, पण जहागीरदारांना मोबदला पोचत राहिला. दिवाण मीर लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला. रझवी बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात सक्तमजुरी भोगून १९५७ साली सुटला आणि कराचीस गेला. १९७० साली तेथेच मेला.

मग उरलेली बाकी कोणी फेडली? उस्मानाबाद (आजचे धाराशिव), बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांतील गरीब मुसलमानांनी. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांची समिती सरकारनेच धाडली होती. फौज शिरल्यानंतरच्या सूडात निदान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज. काही ठिकाणी शिपाई व पोलीसही लुटीत सामील होते, असे तिने लिहिले. तो अहवाल वर्षानुवर्षे दडपून ठेवला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहावयास मिळू लागला. ज्यांनी कधी रझाकाराची टोपी घातली नव्हती, त्यांनाही रझवीच्या खात्यावर कापले. गोरट्याच्या मेलेल्यांना त्याने काय न्याय मिळाला, ते सांगणाऱ्यांनी सांगावे.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. एके ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांस हिंदूंच्याच जमावापासून वाचविले. वाचविताना त्यांच्यातलेही काही जिवास मुकले. एका धंद्याची माणसे. सूत एक, माग एक, सावकारही बहुधा एकच! या कोष्ट्यांचा पुतळा कोठे नाही, त्यांच्या नावाची आळी नाही. येत्या १७ सप्टेंबरला रझवीचे नाव घेणाऱ्या प्रत्येक वक्त्यास गावकऱ्यांनी उभे राहून विचारावे: महाराज, निजामाच्या तनख्याचा आकडा सांगा, आणि मग त्या कोष्ट्यांविषयी बोला.