भाव आहे, हिशोब नाही

बाणेरमधल्या एका लॉफ्ट फ्लॅटवर मी चौदा महिने डोळा ठेवून आहे. वन बीएचके, कारपेट 510 स्क्वेअर फूट, हॉलमधून लाकडी जिना चढून वर एक माळा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा 92 लाख. दोन महिन्यांनी 86. मग 99. दिवाळीआधी 'एकदम फायनल' 89. आता 1 कोटी 5 लाख. एवढ्या काळात त्या घरात कोणी एक खिळाही ठोकलेला नाही.

86 लाख आणि 1 कोटी 5 लाख यांत 19 लाखांचा फरक आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं, तर महिन्याला साधारण साडेसोळा हजारांचा हप्ता. फक्त मालकाच्या लहरीचा! बाबा निवृत्तीच्या पैशांतून दहा लाख द्यायला तयार आहेत. ते कुठल्या आकड्यासाठी मागू?

एजंटला विचारलं, भाव का वाढला? "सर, समोरच्या टॉवरमध्ये 1 कोटी 10 मागतायत." विकला गेला का? नाही. म्हणजे एका न विकलेल्या घराकडे बघून दुसऱ्या न विकलेल्या घराचा भाव ठरतो. आणि याला आपण मार्केट म्हणतो.

खरा भाव कुठे असतो? इंडेक्स टू मध्ये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. कॅप्चाशी झटापट करून मी त्याच बिल्डिंगमधला, तेवढ्याच क्षेत्रफळाचा, गेल्याच वर्षीचा व्यवहार शोधला. मोबदला: 71 लाख.

एजंट हसला. "सर, त्यात कॅश धरलेली नसते."

असं असेल तर सरकारी कागद खोटा आहे, नसेल तर एजंट. दोन्हीकडे मरण पगारदाराचं. बँक कॅशवर कर्ज देत नाही आणि माझा पगार खात्यात येतो, पिशवीत नाही.

आता तो माळा. जाहिरातीत तो 'सेकंड बेडरूम' आहे. बांधकाम नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. मी वर ताठ उभा राहू शकत नाही. भाव 99 होतो तेव्हा ती बेडरूम असते, 86 होतो तेव्हा पोटमाळा.

"त्याचं घर, त्याची मर्जी" असं तुम्ही म्हणाल. मान्य. त्याने पाच कोटी मागावेत. पण काल काय मागितलं होतं, हे मला दिसलं पाहिजे. मी कोड लिहितो. एक ओळ बदलली तरी कोणी आणि कधी बदलली, हे गिटमध्ये राहतं. प्रॉपर्टी साइटवर मात्र जुनी जाहिरात काढून तेच फोटो पुन्हा टाकले की घर 'आजच आलेलं'. चौदा महिने पुसले जातात. हे तंत्राला जमत नाही असं कोणी सांगू नये. या साइट्स माझ्यासारखेच लोक बनवतात. भावाचा इतिहास दाखवणं एका स्प्रिंटचं काम आहे. ते होत नाही, कारण जाहिरातीचे पैसे विकणारा देतो.

महारेरा 2017 पासून आहे, पण त्याचा रोख बिल्डरच्या प्रकल्पांवर आहे. रिसेलच्या भावाला कोणी विचारणारं नाही. त्यामुळे मागणी साधी आहे: प्रत्येक जाहिरातीखाली आधी मागितलेले सगळे भाव आणि त्या बिल्डिंगमधले शेवटचे नोंदलेले व्यवहार दिसले पाहिजेत. नोंदी सरकारकडे आहेतच, त्या मोबाइलवर सरळ वाचता येतील अशा द्या.

मी 75 लाखांची ऑफर दिली, सोबत इंडेक्स टू ची प्रत. मालक चिडले. "मला विकायची घाई नाही." नसेलही. पण तो फ्लॅट चौदा महिने कुलूपबंद आहे आणि त्यापासून दोन गल्ल्यांवर आम्ही भाडं भरतोय.

पुढच्या वेळी एजंटने भाव सांगितला की लगेच 'थोडं कमी करा' म्हणू नका. आधी विचारा, या बिल्डिंगमध्ये शेवटचा फ्लॅट कितीला नोंदला गेला? आणि उत्तर कागदावर मागा.