तज्ज्ञ केव्हा बोलतात?

सहकार कायद्याने तज्ज्ञ संचालकाची खुर्ची दिली. ती कुणाला द्यायची हे मात्र अनेक ठिकाणी निवडणूक निकालाच्या रात्रीच ठरते. पॅनेलमध्ये बसू न शकलेल्या कार्यकर्त्याची समजूत काढायला ती फार उपयोगी पडते. नागरी बँकांच्या संचालकांना आणि अधिकाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने 100 कोटी आणि त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. पुढे 2020 च्या दुरुस्तीने बँकिंग नियमन कायद्याचे कलम 10-अ आपल्याला लागू झाले. निम्म्याहून अधिक संचालकांकडे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. त्या यादीत लेखाशास्त्र, कायदा, बँकिंग आहे. पण शेती, सहकार आणि लघुउद्योगही आहेत. तज्ज्ञ म्हणजे सीए, ही समजूत आपली, कायद्याची नव्हे.

बेदाण्याच्या व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिटचे प्रकरण घ्या. ताळेबंद स्वच्छ, गुणोत्तरे बसतात, स्टॉक स्टेटमेंट दरमहा वेळेवर. सीए संचालक मान डोलावतात. मार्केट यार्डातला संचालक मात्र विचारतो, ‘एप्रिलमध्ये कोल्ड स्टोरेजला जेवढा माल, दिवाळी उलटल्यावरही तेवढाच कसा?’ सणासुदीला माल हलायला हवा होता. हा प्रश्न कुठल्याही गुणोत्तरात सापडत नाही. उलट हाच संचालक ओळखीच्या कर्जदारासाठी ‘माणूस चांगला आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला थांबवायला आकडेच लागतात.

नुसते जाणकार बसवून भागत नाही, हे पीएमसी बँकेने दाखवलेच. एका बांधकाम समूहाकडे एकूण कर्जाचा 70 टक्क्यांहून जास्त हिस्सा अडकला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड दडला होता, असे 2019 मध्ये बाहेर आले. असे दडवायला हिशेब कळणारेच हात लागतात. ‘आपले सगळ्यात मोठे पाच कर्जदार कोण?’ एवढा साधा प्रश्न दर बैठकीला विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत न बसणारा कुणीतरी हवा असतो.

आमच्या मते घोडे अडते ते संख्येपाशी नाही, क्रमापाशी. अध्यक्ष आधी कल देतात, मग तज्ज्ञांना विचारले जाते, ‘तुमची काही हरकत नाही ना?’ तोवर चहा आलेला असतो. हरकत असली तरी इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच उतरते.

तेव्हा पुढच्या बैठकीपासून एवढे करा. तज्ज्ञाचे मत विषयपत्रिकेसोबत लेखी पाठवा. अध्यक्षांनी शेवटी बोलावे. विरोध झाला तर तो नावानिशी इतिवृत्तात नोंदवा. आणि ऐनवेळच्या विषयात कर्जाचे एकही प्रकरण घेऊ नका, मग ते कुणाच्याही शिफारशीचे असो.