एक यंत्र, दोन कार्यप्रणाली

संगणकावर विंडोज जलद चालते कीं लिनक्स, असा वाद हल्लीं मधल्या सुटींत वारंवार ऐकूं येतो. वाद घालणारे मात्र निरनिराळ्या यंत्रांच्या अनुभवावरून बोलत असतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील शेतकरी धानाच्या दोन वाणांची पारख करतांना एक वाण तलावाखालच्या बांधींत व दुसरें कोरडवाहू बांधींत लावून निकाल देत नाहीं. तद्वत् कार्यप्रणालींची तुलना करावयाची, तर यंत्र एकच व कामही एकच असलें पाहिजे.

तेवढ्यानेंही भागत नाहीं. 2012 सालच्या विंडोज 8 पासून यंत्र बंद करतांना प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन करून ठेवण्याची सोय झाली. म्हणून ती पुन्हां चटकन् सुरू होते. ही पूर्ण सुरुवात नव्हे. सबब वेळ ‘रीस्टार्ट’ करूनच मोजावी. फिरत्या हार्ड डिस्कच्या बाहेरील कडेचें वाचन आंतील भागापेक्षां जलद होतें. त्यामुळें एकाच डिस्कवर पहिली जागा मिळालेल्या प्रणालीस बहुधा फुकटचा लाभ होतो. शिवाय, एकदां उघडलेलें सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा मेमरींतून लवकर उघडतें. म्हणून दोन्ही वेळा निराळ्या नोंदवाव्यात.

ह्या प्रश्नास पैशाचीही बाजू आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें थांबविला. विंडोज 11 ला किमान 4 जीबी मेमरी, 64 जीबी जागा व टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. अनेक जुन्या यंत्रांत ती नाहीं. साहजिकच “जुनें भंगारांत द्या, नवें घ्या” असा सल्ला पालकांस मिळतो. धान विकून आलेला पैसा त्यापायीं खर्चण्यापूर्वीं, सी-डॅकनें तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली, किंवा तशीच दुसरी हलकी प्रणाली, त्याच यंत्रावर पाहावी. पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहतां येते. वेग मात्र तेथें मोजूं नये, कारण पेनड्राइव्ह स्वतःच मंद असतो. कायमची बसविण्यापूर्वीं आपल्या सर्व फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

ज्या दुकानदाराचा हिशेब विंडोजवरील टॅलीवर चालतो, त्यास लिनक्सच्या वेगाचा उपयोग काय? उलट, मराठी निबंध टंकणें व गणिताचा सराव करणें एवढेंच ज्या मुलाचें काम, त्याच्यासाठीं जुनें यंत्रही पुष्कळ वर्षें पुरेल. आमचें मत असें कीं, उत्तम प्रणाली कोणती हें कामावांचून ठरत नाहीं, आणि मोजल्यावांचून तर नाहींच. पुढील वादास विद्यार्थ्यांनीं मोठा आवाज आणूं नये. घड्याळ व नोंदवही आणावी.